एक महिना म्हणजे किती दिवस?

पस्तीस वर्षे मी या देशात मुलांना गणित शिकविले. पहिली काही वर्षे मोडक्यातोडक्या हिब्रूत, पुढे बऱ्यापैकी हिब्रूत. वर्गात मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची गणती नाही. परंतु वाचकहो, सर्वांत अवघड प्रश्न मला निवृत्त झाल्यानंतर, माझ्याच घराच्या उंबऱ्यात विचारला गेला. आणि विचारणारीचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे होते.

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. रविवारी रात्री आठच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या. त्यांचे नाव येथे देत नाही. गोष्ट सांगण्याची परवानगी मात्र मी त्यांच्याकडून घेतली आहे. हातात नातीने घेऊन दिलेला मोबाईल होता. जिना चढून धाप लागली होती, म्हणून मी खुर्ची पुढे केली, तर बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "टीचरबाई, एक महिना म्हणजे किती दिवस?"

मी म्हटले, "कोणता महिना, त्यावर आहे. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस. का बरे?"

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर त्यांच्या धाकट्या भावाचा फोटो, फोटोखाली पेटलेल्या मेणबत्तीचे चित्र, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे दोन शब्द, आणि त्याखाली बारीक अक्षरांत: ‘1 महिन्यापूर्वी’. मुंबईच्या कोणा दूरच्या नातेवाइकाने तो फोटो टाकला होता. या भावाशी मावशींचे बारा वर्षे बोलणे नव्हते. कारण आईवडिलांच्या घराच्या वाटणीचे, म्हणजे नेहमीचेच. ज्यांना बातमी ठाऊक होती त्या प्रत्येकाने धरून चालले होते, की बहिणीला कळले असेलच. बहिणीला मात्र ते त्या रात्री, अंगठ्याने पडदा वर सरकवता सरकवता कळले.

आता त्यांच्या प्रश्नाचा अर्थ आपल्या वाचकांच्या ध्यानी आलाच असेल. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे सख्ख्या भावाच्या मृत्यूची बातमी तीस दिवसांच्या आत, अगदी तिसाव्या दिवशी जरी कानी आली, तरी ती ‘जवळची बातमी’ होय. ज्या दिवशी कळले त्या दिवसापासून पुरे सात दिवस शोकाला बसावे लागते. तीस दिवस उलटून गेल्यावर कळली तर ती ‘दूरची बातमी’. मग एकच तास बसायचे, पायातले जोडे काढायचे, आणि उठायचे. मोएद कातानमध्ये याची चर्चा आहे आणि शुल्हान आरूखमध्ये हाच नियम दिला आहे. एका बाजूला सात दिवस, दुसऱ्या बाजूला एक तास. आणि मधल्या रेघेवर मोबाईलने लिहून ठेवले होते, ‘1 महिन्यापूर्वी’.

मावशींना सात दिवस बसायचे होते. ते त्यांनी तोंडाने सांगितले नाही, परंतु मला दिसत होते. बारा वर्षे न बोलल्याची थोडी तरी भरपाई त्या सात दिवसांत होईल, असे काहीतरी त्यांच्या मनात होते.

पुढे काय झाले ते शेवटी सांगते. आधी त्या शब्दांविषयी मला जे कळले ते सांगणे भाग आहे.

माझा मुलगा संगणकाचे प्रोग्राम लिहितो. त्याला मी तेथल्या तेथे फोन लावला आणि विचारले, "तुमचे यंत्र एक महिना कशाला म्हणते?" तो म्हणाला, "आई, यंत्र महिना ओळखतच नाही. त्याला फक्त सेकंद ठाऊक." ग्रीनिच घड्याळाप्रमाणे 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढीच नोंद पुष्कळशी यंत्रे ठेवतात. (त्या मध्यरात्री मुंबईत पहाटेचे साडेपाच वाजले होते, आणि मी माझगावच्या सर एली कदुरी शाळेत शिकणारी मुलगी होते.) निरोप लिहिला तेव्हाचा आकडा एक, आपण तो वाचतो तेव्हाचा आकडा दुसरा. दोहोंची वजाबाकी केली की अंतर निघते. 60 सेकंदांचे मिनिट, 3,600 चा तास, 86,400 चा दिवस. येथवर चोख गणित आहे. परंतु माणसाला चोवीस लाख एकोणीस हजार दोनशे सेकंद असे सांगून काय उपयोग? म्हणून प्रोग्राम लिहिणारा त्या आकड्याला माणसाच्या भाषेचा सदरा घालतो. तो कोठे कापायचा आणि कोठे शिवायचा, हे ठरविणारा तोच.

प्रत्येकाचे माप निराळे. प्रोग्रामर मंडळींनी वर्षानुवर्षे वापरलेले ‘मोमेंट’ नावाचे एक तयार साधन आहे. त्याच्या माहितीत मापे स्पष्ट दिली आहेत: 45 ते 89 मिनिटे असली की ‘एक तास’, 22 ते 35 तास असले की ‘एक दिवस’, 26 ते 45 दिवस असले की ‘एक महिना’. आमच्या वर्गात एखाद्या मुलाने 26 आणि 45 यांना एकच उत्तर लिहिले असते, तर मी वहीवर लाल शाईने काय लिहिले असते ते माझे जुने विद्यार्थी सांगू शकतील.

परंतु न्यायाने बोलायचे तर आपणही असेच बोलतो. ‘अलियाला किती वर्षे झाली?’ असे कोणी विचारले तर मी ‘चाळीसच्या वर’ म्हणते. महिने आणि दिवस मोजून सांगत नाही, आणि कोणी सांगू लागला तर आपण त्याच्याकडे चमकून पाहू. काळ माणसाच्या मापात सांगणे ही काही संगणकाने काढलेली युक्ती नव्हे. आपल्या पूर्वजांचेच पाहा. कोकणात तेल गाळीत होते त्या काळात हिब्रू महिन्यांची नावे ते विसरले, पण सण विसरले नाहीत. जे हाताशी होते त्याचे नाव त्यांनी दिवसाला दिले: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा रोजा. आव महिन्याची नववी तारीख म्हणजे काय हे ज्या आजीला सांगता आले नसते, तिला बिरड्याचा रोजा बरोबर ठाऊक होता, कारण त्या दिवशी ताटात बिरडे असे. ‘बिरड्याच्या रोजानंतर चार दिवसांनी तुझा जन्म’ असे तिने म्हटले की ऐकणाऱ्याला ते पुरे होई.

मराठी भाषेचे तर या बाबतीत कौतुकच करावे. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन असे सुटसुटीत शब्द आपल्यापाशी आहेत. मुंबई आणि येथील घड्याळांतले अंतर हिवाळ्यात साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास. दोन शब्दांत काम झाले. काल, परवा, तेरवा असे मागे मोजता येते. शिवाय ‘परवा’ पुढचाही आणि मागचाही. ‘परवा आला’ की ‘परवा येईल’ हे क्रियापद सांगते. हिब्रूची गंमत निराळी. तेथे दोहोंसाठी खास रूपे आहेत: योमायिम म्हणजे दोन दिवस, श्वूआयिम म्हणजे दोन आठवडे, होद्शायिम म्हणजे दोन महिने. जो प्रोग्राम ‘2’ या आकड्यापुढे नुसते दिवसाचे अनेकवचन चिकटवतो, त्याची हिब्रू नुकत्याच विमानातून उतरलेल्या माणसासारखी वाटते. माझीही पहिल्या वर्षी तशीच होती.

आणि आपल्या मराठीत हा सारा कारभार एका टिंबावर चालतो. ‘1 महिन्यापूर्वी’, पण ‘2 महिन्यांपूर्वी’. अनुस्वार पडला की अनेकवचन पडले. ‘महिना’ हा शब्द जसाच्या तसा उचलून त्यापुढे ‘पूर्वी’ जोडता येत नाही. आधी त्याचे ‘महिन्या’ करावे लागते. इंग्रजीत आकडा, मग एकक, मग शेवटी एक शब्द, असा साचा चालतो. तोच साचा मराठीवर दाबला की ‘2 महिना पूर्वी’ अशी वाक्ये जन्माला येतात. माणसाला वाचता येईल असे लिहायचे म्हटले, तर आधी कोणत्या माणसाला हे विचारले पाहिजे.

आणखी एक मुद्दा मुलाने काढला आणि तो मला निरुत्तर करून गेला. नंतरच्या शुक्रवारी तो जेवायला आला तेव्हा मी त्याला म्हटले, "सरळ तारीख का लिहीत नाही? तारीख कधी खोटे बोलत नाही."

तो म्हणाला, "कोणाची तारीख, आई? ठाण्याला मावसबहिणीला मूल झाले ते रात्री साडेबाराला. तेव्हा आपल्या घड्याळात आदल्या दिवसाचे नऊ वाजले होते. तू आपल्या डायरीत कोणती तारीख लिहिलीस?"

खरी गोष्ट होती. मी आदल्या दिवसाची लिहिली होती आणि बहिणीने दुसऱ्या दिवसाची. शिवाय आपला दिवस सूर्यास्तापासून धरला तर येथील रात्रीचे नऊ म्हणजे नवा दिवस लागलेलाच, म्हणजे हिब्रू तारीख दोन्हीकडे एकच. मुलगा पुढे म्हणाला, "पण ‘तीन तासांपूर्वी’ म्हटले, की ठाण्यात, अश्दोदमध्ये आणि लंडनमध्ये ते सारखेच खरे असते. तारीख गावागणिक बदलते, अंतर बदलत नाही."

देशोदेशी विखुरलेल्या आपल्यासारख्या लोकांनी हा मुद्दा नीट ध्यानात ठेवावा. तेव्हा अंतर सांगणे वाईट, तारीख सांगणे चांगले, असा सोपा निवाडा करता येत नाही. मग मावशींच्या बाबतीत चूक कोठे झाली?

याचा विचार करताना मला मोशेरब्बेनूंची आठवण झाली. शेमोथच्या अकराव्या अध्यायात ते फारोला शेवटच्या आपत्तीची वेळ सांगतात, तेव्हा ‘मध्यरात्री’ असे न म्हणता ‘मध्यरात्रीच्या सुमारास’ असे म्हणतात. हिब्रूत हा फरक एका अक्षराचा आहे: ‘कहत्सोत’ या शब्दाच्या आरंभीचा काफ. पुढच्याच अध्यायात घटना घडते ती मात्र ऐन मध्यरात्री. बेराखोथमध्ये रब्बींनी यावर प्रश्न उपस्थित केला आहे. परमेश्वराला तर सुमारास म्हणण्याची गरज नाही. मोशेंना नेमकी वेळ ठाऊक नव्हती की काय? त्यावर दिलेले एक उत्तर फार मार्मिक आहे. मोशेंना वेळ ठाऊक होती. परंतु फारोच्या ज्योतिष्यांची मोजणी थोडी इकडेतिकडे झाली असती, तर त्यांनी मोशेंनाच खोटे ठरविले असते. यावरून रब्बींनी असा बोध काढला, की खोटे पडण्यापेक्षा आपल्याला ठाऊक नाही असे म्हणण्याची सवय जिभेला लावावी.

म्हणजे पाहा, ज्याला अचूक ठाऊक होते त्यानेही ‘सुमारास’ म्हटले, कारण ऐकणाऱ्याची मोजणी कच्ची होती. आणि येथे ज्या यंत्राला सेकंदापर्यंत ठाऊक आहे, ते आकडा ढोबळ करते आणि ‘सुमारे’ हा शब्द मात्र गाळते. मोशेंच्या नेमके उलट. गंमत अशी, की सगळे प्रोग्राम असे करीत नाहीत. ‘रेल्स’ नावाच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध साधनात तास आणि महिना सांगताना आधी ‘सुमारे’ या अर्थाचा शब्द घातलेला असतो: सुमारे एक तास, सुमारे एक महिना. एकच शब्द, पण त्या शब्दाने वाचणारा सावध होतो. ‘सुमारे एक महिना’ वाचल्यावर मावशींनी किती दिवस असे विचारले नसते. ‘नेमके केव्हा’ असे विचारले असते. पहिल्या प्रश्नात यंत्रावर विश्वास होता, दुसऱ्यात माणसाला शोधणे आले असते.

माझे मत मी येथे स्पष्ट मांडते. ढोबळ सांगणे हे खोटे बोलणे नव्हे. ढोबळ आहे हे लपविणे हा मात्र खोटेपणाचा धाकटा भाऊ आहे. मग त्यामागे वाईट हेतू नसो, केवळ पडद्यावरची जागा वाचविण्याचा हेतू असो.

गणिताची शिक्षिका म्हणून दुसरीही एक गोष्ट मला खटकते. आमच्या शाळेत मास्तर म्हणत, रीत दाखवा, नाहीतर गुण नाहीत. मीही पुढे तेच म्हणत आले. 1979 साली मी येथे आले तेव्हा मुंबईहून आईचे पत्र यायला कित्येक दिवस लागत. पत्राच्या डोक्यावर उजवीकडे गाव आणि तारीख असे. पत्र हातात पडले की आधी तारीख पाहायची, मग भिंतीवरचे कॅलेंडर पाहायचे, आणि मनातल्या मनात वजाबाकी करायची: म्हणजे हा ताप येऊन बारा दिवस झाले, आता उतरला असेल. बातमी शिळी आहे हे ठाऊक असे, किती शिळी आहे हेही ठाऊक असे, कारण वजाबाकी आपण केलेली असे. आता ती वजाबाकी यंत्र करते, दोन्ही रकमा पुसून टाकते आणि हाती नुसते उत्तर देते. रीत नाही. अशा उत्तरावर हजेरीपट भरता येईल, धर्मकर्तव्य ठरविता येणार नाही.

मुलाने सांगितले की रीत पुसलीच पाहिजे असे काही नाही. पडद्यावरच्या अशा शब्दांमागे पूर्ण तारीख आणि वेळ ठेवण्याची सोय एचटीएमएलमध्ये ‘टाइम’ नावाच्या खुणेने केलेली आहे. पुढे माणसाचे शब्द, मागे नेमका आकडा. पुष्कळ ठिकाणी शब्दांवर बोट दाबून धरले की तो दिसतो. मला ही व्यवस्था पटली. बोलताना सैल, हिशेब मागितला की चोख, असेच तर आपण सज्जन माणसाविषयी म्हणतो.

आपल्या परंपरेतही हे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. तासाचे 1,080 हलाकिम मानणारे आपणच. एक हेलेक म्हणजे सव्वातीन सेकंदांहून किंचित अधिक. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतचे अंतर 29 दिवस, 12 तास आणि 793 हलाकिम, हे आपल्या पंचांगाचे मूळ गणित. नवा महिना लागण्याआधीच्या शब्बाथला अनेक सिनेगॉगांत चंद्राच्या जन्माची वेळ वार, तास आणि हलाकिम यांसह पुकारली जाते. आणि तोच समाज शब्बाथ संपला हे आकाशात तीन तारे पाहून ठरवीत आला. जेथे साऱ्या इस्राएलचे सण अवलंबून आहेत तेथे हेलेकपर्यंत मोजायचे, आणि जेथे घरातला दिवा लावायचा आहे तेथे मान वर करून पाहायचे. कोठे किती अचूक असावे हे त्यावर काय अवलंबून आहे ते पाहून ठरते. यंत्राला ते ठरविता येत नाही, कारण वाचणारा कोण आहे हे त्याला दिसत नाही. त्याच शब्दांखाली कोणाच्या लग्नाचा फोटो असतो, कोणाच्या मांजराचा असतो, आणि कोणाच्या भावाचा.

आता मावशींकडे वळते.

त्या रात्री मुलाने सांगितल्याप्रमाणे मी त्या बारीक अक्षरांवर बोट दाबून धरले. तारीख आली. मोजले, तर अठ्ठावीस दिवस. मावशींचा चेहरा एकदम सैल पडला. "म्हणजे आतच," त्या म्हणाल्या आणि आरसे झाकायला चादरी किती लागतील ते मोजू लागल्या.

मला गप्प बसता आले असते. दोन क्षण मी गप्प बसलेही. मग म्हटले, "मावशी, हे अठ्ठावीस दिवस फोटो टाकल्याला झाले. माणूस गेल्याला किती झाले ते येथे लिहिलेले नाही." यंत्राने चूक केली नव्हती. ते बातमीचे वय सांगत होते, मरणाचे नव्हे. त्याचा ढोबळ महिना आम्हाला आधी गोंधळात पाडून गेला होता. आता त्याचा अचूक आकडा आम्हाला फसवणार होता.

"मग कोण सांगेल?" त्यांनी विचारले, पण उत्तर त्यांना ठाऊक होते. भाच्याला फोन करायला हवा होता. भाच्याला फोन करायचा म्हणजे, तुझे वडील गेले आणि मला आत्ता कळले, हे स्वतःच्या तोंडाने म्हणायचे. बारा वर्षांचा सारा हिशेब त्या एका वाक्यात येत होता. मुंबईत तेव्हा रात्रीचे बारा होत आले होते. मी म्हटले, सकाळी करू. त्या म्हणाल्या, "नाही, आत्ताच. सकाळी माझा धीर होणार नाही."

भाच्याचा नंबर तीन घरे फिरून मिळाला. पलीकडून त्याने "कोण?" म्हटले आणि यांनी "मी आत्या" म्हटले. पुढचे मी ऐकले नाही; स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले. बऱ्याच वेळाने त्या आत आल्या. भाऊ पहाटे गेला होता आणि त्याच दिवशी दुपारी दफन झाले होते. सातवा दिवस संपवून घरचे उठले, तेव्हा त्या नातेवाइकाने फोटो टाकला होता. "आत्या, तुझा नंबर कोणाकडे मागायचा हेच कळेना," असे भाचा म्हणाला म्हणे.

सात आणि अठ्ठावीस. बेरीज मी सांगायला नको होते. त्यांनीच बोटांवर केली. पस्तिसावा दिवस. रब्बींना फोन करून विचारले. त्यांनीही सांगितले की ही दूरची बातमी, एक तास बसा.

आमच्याच घरात बसल्या. मी ठेंगणे स्टूल दिले, त्यांनी जोडे काढले. मोबाईल मी पालथा करून ठेवला. त्या भावाविषयी बोलत होत्या: लहानपणी अलिबागला समुद्रावर जाताना तो यांच्या ओढणीचे टोक धरून चालत असे, आणि ओढणीला गाठ पडली की सोडवायला बसत असे. घराच्या वाटणीविषयी एक शब्द निघाला नाही. मध्येच त्यांनी विचारले, "तास झाला का, टीचरबाई?" भिंतीवरच्या घड्याळात तास उलटून वीस मिनिटे होऊन गेली होती.

मी म्हटले, "होत आला असेल."

ज्या बाईने आयुष्यभर मुलांची अर्ध्या गुणाची चूक सोडली नाही, तिने त्या रात्री असे उत्तर दिले. ते खोटे होते की काय, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. मला वाटते, ते ‘सुमारास’ होते. शास्त्राने घातलेली अट पुरी झाली होती. त्यापुढचा काळ त्यांच्या मापाने मोजायचा होता, घड्याळाच्या नव्हे. मात्र त्यांनी जर ‘नेमके किती वाजले’ असे विचारले असते, तर मी नेमके सांगितले असते. एवढे बंधन मी स्वतःवर ठेवते, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींनीही ठेवावे असे म्हणते.

वाचकांना एकच विनंती करून लेख संपविते. आपली माणसे आता मुंबई, ठाणे, लंडन, अश्दोद, दिमोना अशी पसरली आहेत. सुखदुःखाची बातमी मोबाईलवर टाकाल तेव्हा फोटो आणि मेणबत्ती यांच्या जोडीला एक ओळ लिहीत जा: गाव कोणते, तारीख कोणती, आणि सूर्यास्ताच्या आधी की नंतर. यंत्र आपल्या परीने वजाबाकी करीलच. पण कोणातरी बहिणीला ती स्वतःच्या हाताने करावी लागेल, तिच्यासाठी दोन्ही रकमा मांडून ठेवा. आणि ज्यांच्याशी बोलणे नाही त्यांचा नंबर निदान वहीत असू द्या.